जिनापायी

"बी ठेचू नको गं भागम्मा, रस कडू होतो. दाबायचं, पण हलक्या हातानं."

सासूबाईंचा आवाज अजून तिच्या बोटांत होता. नागुबाईअव्वा लिंगैक्य होऊन किती वर्षं लोटली, तरी मोसंबं मुठीत आलं की त्या बोलायच्या आणि भागम्माची मूठ आपोआप सैल पडायची. तिनं अर्धी फोड फडक्यावर धरली, हलकेच पिळली, साल बाजूला टाकली. फडक्यातून रस पातेल्यात झिरपत राहिला. अव्वांनी ही शिकवण दिली होती ती जंगमस्वामी घरी आले की त्यांच्यापुढं ठेवायच्या रसासाठी. आज हा रस कशात मिसळायचा आहे ते आठवलं, आणि पुढची फोड तिनं जरा जोरानंच दाबली.

सोमवार होता. संध्याकाळची लिंगपूजा होईपर्यंत पोटात पाण्यावाचून काही जायचं नव्हतं. भागम्माचा नेम साऱ्या गल्लीला ठाऊक. तिच्या दारावरून जाताना माणसं विडीसुद्धा विझवतात, अशी शेजारणी तिची चेष्टा करायच्या. आणि त्याच घरात, बैठकीला लागून असलेल्या पडवीत, गोणपाटात गुंडाळलेली एक विलायती बाटली भिंतीशी उभी होती.

बाटली स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही आणि घरचं भांडं तिला लागणार नाही, एवढं तिनं नवऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं. ईश्वरअप्पांनी जिनाच्या कचेरीतून काचेचे पेले आणले, लाकडाच्या भुशात घातलेला बर्फ सकाळच्या गाडीनं मागवला, बाजारातून गोळीच्या सोड्याच्या बाटल्या आणल्या. ते सेलूतल्या एका जिनाचे मॅनेजर. गावात जिन म्हणजे जिनिंगचा कारखाना. कापसाच्या गाड्या फाटकातून आत शिरायच्या, सरकी एकीकडं आणि रुई एकीकडं व्हायची, आणि हंगामभर सगळ्या गावाच्या केसांवर पांढरं तूस बसलेलं असायचं. पोलीस ॲक्शननंतर ते जिन नव्या मालकांकडं गेलं होतं. त्या मालकांतले एक भागीदार, व्यंकटराव, आज हैदराबादेहून यायचे होते, पंधरवड्यापूर्वी जिनात लागलेल्या आगीची चौकशी करायला.

"साहेबांना सांज झाली की घ्यायची सवय हाय," ईश्वरअप्पांनी तिला समजावलं होतं. "डाकबंगल्यात बसले तर गावभर होतंय. एका सांजेचा सवाल हाय. त्यांचं मन राहिलं तर आपलं घर राहिलं."

मग त्यांनी तिला कृती सांगितली. आधी बर्फ. मग बाटलीतलं, पेल्याच्या बुडापासून दोन बोटं. मग रस, चिमूटभर मीठ आणि वरून सोडा. ढवळत बसायचं नाही, चमचा एकदाच खालून वर फिरवायचा. मोसंबीच्या पेल्यात पुदिन्याचं पान चोळून टाकायचं, डाळिंबाच्या पेल्यात आल्याच्या रसाचा थेंब. सोडा घाईनं ओतला तर सगळं उतू जातं.

हे सगळं तुम्हाला कसं ठाऊक, असं तिनं विचारलं. मागल्या खेपेला साहेबांनी सांगितलं होतं, ते म्हणाले.

दुपारी केशरबाई येऊन गेली होती. जिनाचा फिटर मुंजाजी हा तिचा नवरा; मूळचा पेडगावचा, इंजिन आणि पट्टे सगळे त्याच्या हवाली. ती ओट्याच्या पायरीवरच बसली, आत आली नाही. भागम्मानं दिलेला पाण्याचा तांब्या तिनं तसाच बाजूला ठेवला.

"आक्का, माझा माणूस जिन सोडून पळाला म्हणायलेत सारे," ती म्हणाली. "पळाला न्हाई तो. तुमच्याच दारात आला होता ना?"

आला होता. भागम्माला ती संध्याकाळ स्वच्छ आठवत होती. ती दिव्यात तेल घालत होती तेव्हा मुंजाजी धापा टाकत ओट्याशी आला. हात कोपरापर्यंत वंगणानं काळे. अप्पा घरी आहेत का म्हणाला. बेरिंग तापत चाललं होतं, इंजिन बंद करायला हवं होतं. पण मॅनेजरला विचारल्याबिगर इंजिनाला हात लावायचा नाही असा ईश्वरअप्पांचाच हुकूम होता. एकदा त्यानं आपल्या मनानं बंद केलं, गाड्यांची रांग खोळंबली, आणि चार माणसांत त्याला बोलणी खावी लागली होती.

"जिनातच हायत की ते," भागम्मानं त्याला सांगितलं होतं. सकाळी निघताना ईश्वरअप्पा नेहमीसारखं म्हणून गेले होते, आज जिनापायी उशीर होईल.

"जिनात न्हाईत, आक्का. म्हणून तर आलो."

"मग वाटेत चुकामूक झाली आसंल बघ."

मुंजाजी तिच्याकडं बघत राहिला. काही तरी ओठांशी आलं आणि त्यानं ते गिळलं असं तिला वाटलं होतं. मग तो उलट पावली पळत सुटला. तो फाटकाशी पोचला असेल नसेल, तोवर जिनाच्या बाजूनं धूर वर चढला. माणूस कुणी भाजलं नाही, ही शिवाची कृपा; पण कापसाचे ढीग जळून राख झाले.

"उद्या साहेब त्याला काढणार म्हणतेत," केशरबाई म्हणाली. "आगीचा डाग घेऊन निघालेल्या फिटरला कोण जिनात पाऊल ठेवू देईल, आक्का? सेलूत न्हाई, परभणीत न्हाई. आताच पोरं त्याला आगलाव्या म्हणायलीत. तुमी एवढंच सांगा साहेबांना. आग लागायच्या आधी तो तुमच्या दारात आला होता, एवढंच. तुमी खोटं बोलत न्हाईत हे समद्यांला ठावं हाय."

त्यात अवघड असं भागम्माला काही दिसलं नाही. घडलं तेच तर सांगायचं. सांगते, ती म्हणाली. तरी केशरबाई जागची हलेना. सांगते म्हणणारी माणसं तिनं या पंधरवड्यात पुष्कळ पाहिली असावीत. तेव्हा भागम्मानं पदराखाली गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला.

"माझा शब्द हाय, केशरबाई. साहेबांच्या कानावर घालीन."

मग केशरबाईनं तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्याली.

ईश्वरअप्पा स्टेशनकडं निघायच्या आधी तिनं हे त्यांना सांगितलं. ते आरशासमोर कोटाची बटणं लावत होते. साहेबांपुढं बाईमाणसानं कशाला बोलायचं, ते म्हणाले, मीच सांगतो की. बोलता बोलता बटण भलत्याच काजात गेलं. त्यांनी ते काढून पुन्हा लावलं आणि तिच्याकडं न बघता बाहेर पडले.

*

व्यंकटराव दिवेलागणीच्या आधीच आले. धिप्पाड माणूस, हसरा, आल्या आल्या बूट काढून लोडाला टेकणारा. आतल्या दाराकडं तोंड करून त्यांनी हात जोडले. "वहिनी, तुम्हाला तकलीफ देतोय," ते मोठ्यानं म्हणाले. भागम्मानं दाराआडूनच हात जोडले आणि पडवीत आली.

बाटलीला उघड्या हातानं शिवायचं तिच्या जिवावर आलं. पदराचं टोक हाताला गुंडाळून तिनं ती उचलली. बूच निघताच वास आला. कापूर ओल्या लाकडात ठेवावा तसा. तिला घाण वास येईल असं वाटलं होतं. तो तसा नव्हता, म्हणून ती आणखीच बिचकली. रोज सकाळी तीन बोटांनी ती कपाळाला विभूती लावायची. त्यातली दोन तिनं पेल्याला आडवी लावली आणि तेवढंच माप ओतलं. पाण्यासारखंच दिसत होतं. मग रस, मीठ, पुदिन्याचं पान. सोडा तिनं बारीक धारेनं ओतला; फेस काठाशी येऊन थांबला. दुसऱ्या पेल्यात नुसता रस आणि सोडा घातला. अप्पांचा तो. सोबत म्हणून नुसता रस घेईन, असं त्यांनी तिला सांगितलं होतं.

ईश्वरअप्पा येऊन दोन्ही पेले घेऊन गेले. पडवी आणि बैठक यांच्यामध्ये एक झरोका होता. पलीकडचं दिसायचं नाही, पण चमचा वाजला तरी ऐकू यायचा.

"वाहवा," व्यंकटरावांचा आवाज आला. "क्लबातला बेरासुद्धा असं बनवत नाही, अप्पा. वहिनींच्या हाताला गुण आहे."

भागम्मानं तो हात पदराला पुसला.

मग बराच वेळ कापसाचं बोलणं चाललं. यंदा गाड्या किती आल्या, रुई कशी निघाली, विदर्भातला भाव काय. ईश्वरअप्पा नेटकं बोलत होते. ती पुढची फोड हातात घेऊन बसून राहिली. आता सांगतील, मग सांगतील, असं तिचं चाललं होतं. आपण वाट बघतोय हे तिच्या ध्यानात आलं ते फोडीतला रस मनगटावरून कोपराकडं ओघळला तेव्हा.

"आता मुद्द्याचं बोलू," व्यंकटराव म्हणाले. हसणं आवाजातून गेलं होतं. "आग लागली तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"मालधक्क्यावर, साहेब. गाठी चढवायच्या होत्या."

भागम्मानं फोड खाली ठेवली. त्या रात्री घरी आल्यावर तिनंही हेच विचारलं होतं. मुंजाजी शोधत आला होता, तुम्ही कुठं होतात. जिनातच होतो, ते म्हणाले होते, चुकामूक झाली. डोळे लाल झालेले, पाय जड पडत होते. धूर आणि धावपळ, दुसरं काय असणार, असं म्हणून तिनं त्यांच्या डोळ्यांवर गार पाण्याच्या घड्या ठेवल्या होत्या.

"आणि फिटर कुठं होता?"

बर्फ पेल्यात वाजला. भागम्माचे ओठ हलले. ती मनातल्या मनात नवऱ्याच्या तोंडात शब्द घालत होती.

"तो जागेवर नव्हता, साहेब."

"ते मला कळलंय. गेला कुठं होता?"

"काय सांगावं. कुणाला न विचारता निघून गेला."

"बस, मग झालं तर. सकाळी जिनावर गेलो की पहिलं काम तेच. त्याला मोकळं करून टाकू. असला माणूस फाटकात नको." लोड सरकल्याचा आवाज झाला, आणि आवाजात हसू परत आलं. "अप्पा, आता डाळिंबाचा होऊ द्या. आणि या खेपेला जिन जरा सढळ होऊ द्या. वहिनींचा हात फार आखडता आहे."

भागम्माला काही उमगेना. जिन सढळ कसं करायचं? जिन तर गावाच्या त्या टोकाला, फाटकाला कुलूप लावून पडलेलं. आणि त्यात तिच्या हाताचा काय संबंध? ईश्वरअप्पा रिकामे पेले घेऊन पडवीत आले तेव्हा तिच्या तोंडून पहिल्यांदा तेच निघालं.

"जिनाचं काय म्हणायलेत साहेब?"

ईश्वरअप्पा बाटलीचं बूच काढत होते. त्यांचा हात थबकला.

"ह्यालाच म्हणतेत," ते म्हणाले.

"कशाला?"

"ह्या बाटलीतल्याला. जिन म्हणतेत इंग्रजीत." आणि घाईनं त्यांनी जोडलं, "नाव सारखं पडलंय, एवढंच."

त्यांनी पेले पुढं ओढले, दोन्ही. बोटं लावली नाहीत, पेल्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिच्या चेहऱ्याकडं बघत असतानाच त्यांनी बाटली कलती केली, आणि दोन्ही पेल्यांत जिन सारख्याच उंचीवर येऊन थांबली. शेवटी मनगटाला एक लहानसा हिसका. बाटलीच्या ओठावर थेंब राहिला नाही. बत्तीत तेल घालताना रोज सांडणारा तो हात होता.

"साहेब एकटे कसे घेतील," ते पुटपुटले.

बैठकीतून व्यंकटरावांची हाक आली. "काय अप्पा, वहिनींना हिशेब द्यायलात का? द्या, द्या. दसऱ्याला पाठवलेली अख्खी पेटी रिकामी केलीत, मी कधी विचारलं? मला तर गर्व आहे तुमचा. दोन दोन जिनांचे मॅनेजर तुम्ही. एक कापसातली सरकी काढते आणि एक माणसाच्या पोटातलं काढते." आणि स्वतःच्याच विनोदावर ते मनमुराद हसले.

ईश्वरअप्पाही झरोक्याकडं तोंड करून हसले, नोकरानं हसावं तसे. मग त्यांची नजर तिच्यावर गेली, आणि ते हसू अर्ध्यावरच राहिलं.

भागम्मा खाली बसली. दसरा. दसऱ्यापासूनचीच तर वाक्यं होती ती. आज जिनापायी उशीर झाला. जिनात बसलो की वेळ कळत न्हाई. तू जेवून घे, मी जिनातून येतो. ओट्यावर कधी चार माणसं असताना ते असं म्हणाले की त्यातलं कुणी तरी तोंड फिरवून खोकायचं. तिनं एकदा आल्याचा काढाही करून दिला होता त्या खोकणाऱ्याला. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात ईश्वरअप्पांनी लिंग तळहातावर घेऊन तिला शब्द दिला होता, तुझ्याशी कधी खोटं बोलणार नाही. ते बोललेही नव्हते. त्यातलं एकही वाक्य तिला खोटं म्हणून धरता येईना.

"त्या सांजेला जिनात होतो म्हणालात," ती म्हणाली. आवाज चढवायची तिला सवयच नव्हती. "कोणत्या?"

त्यांनी बर्फाचा खडा पेल्यात सोडला, तो तरंगत वर आला.

"स्टेशनमागं अडत्याची खोली हाय," शेवटी ते म्हणाले. "तिथं होतो."

"मुंजाजीला ठावं हाय हे?"

"समद्या जिनाला ठावं हाय."

"मग तो कुणाला बोलला कसा न्हाई?"

"माझ्या हाताखालचा माणूस हाय तो," ईश्वरअप्पा म्हणाले, आणि म्हणाल्यावर त्यांचं त्यांनाच ते वाक्य सोसलं नाही. त्यांनी मान खाली घातली.

"साहेबांना सांगा. अजून जेवायची पानं मांडायचीत. तवर सांगा."

"काय सांगू, भागू? तो मला शोधत घरी आला म्हटलं की पुढचा सवाल हाय, मॅनेजर कुठं होता. मी मालधक्का म्हणून बसलोय. मालधक्का जिनाच्या भिंतीला लागून. तिथं मी असताना तो एवढ्या लांब घरी कामून येईल? एक धागा ओढला की समदंच उसवतंय." ते अगदी हळू, अगदी मायेनं बोलत होते. "मुंजाजी फिटर माणूस. त्याच्या हातात कसब हाय, कुठंबी पोटाला मिळवील. माझ्या हातात काय हाय? ह्या वयात मला कोण ठेवील?"

"मी केशरबाईला शब्द दिलाय. लिंगावर हात ठेवून."

"मग मला सांगितलंस न्हवं? झालं तर. तुझा शब्द माझ्यापतुर पोचला. पुढचं माझ्या माथी."

ते तिच्याकडं जरा आशेनं बघत राहिले. जिनापायी उशीर झाला, हे वाक्यही त्यांनी असंच कधी तरी जुळवलं असेल, तिच्या मनात आलं. ईश्वरअप्पांनी डाळिंबाचा रस स्वतःच ओतला, आल्याचा थेंब टाकला, सोडा घातला, चमचा एकदाच खालून वर फिरवला आणि पेले घेऊन गेले. काही विसरलं नव्हतं त्यांच्याकडून.

पुढचे पेलेही त्यांनीच केले. भागम्मानं पानं वाढली. दाराआडून भाकरी पुढं सरकवली, वरणात तुपाची धार धरली. व्यंकटरावांनी शेंगदाण्याच्या चटणीची तारीफ केली. बाकीच्या मालकांना सांगून अप्पांची नोकरी पुढच्या सालांसाठी पक्की करून देतो, असंही ते जेवता जेवता म्हणाले. ईश्वरअप्पांनी तेव्हा दाराकडं पाहिलं. तिला ऐकू गेलं की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं.

मग ती पूजेला बसली. त्याआधी शिकेकाईनं हात धुतले, राखेनं घासले, पुन्हा धुतले. समईच्या उजेडात लिंग तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले. तळहातातून तो वास वर आला. कापूर आणि ओलं लाकूड. तिनं डोळे उघडले. लिंग कपाळाला लावून परत गळ्यात ठेवलं आणि तशीच उठली. पूजा झाली नाही म्हणून ती जेवली नाही. ताट झाकून ठेवलेलं ईश्वरअप्पांनी बघितलं. जेवत का नाहीस, असं त्यांनी विचारलं नाही.

*

उजाडायला लागलं तेव्हा भागम्माची आंघोळ झाली होती. आडाचं पाणी गार होतं, माघ अजून सरला नव्हता. तिनं तळहात नाकाशी नेला. नुसत्या पाण्याचा वास. मग ती पूजेला बसली. रोजच्यापेक्षा जास्त वेळ बसली. उठताना तिनं घोटभर तीर्थ घेतलं आणि चूल पेटवून साहेबांसाठी आंघोळीचं पाणी ठेवलं.

बैठकीत व्यंकटराव जागे झाल्याची चाहूल लागली. खोकला, जांभई, मग खिडकीचं दार उघडल्याचा आवाज. आवरून ते थेट जिनावर जायचे होते. फाटकाशी मुंजाजीला सकाळीच बोलावून ठेवलं होतं. केशरबाईही तिथं जाऊन उभी राहिली असेल.

पाण्याला आधण आलं. भागम्मानं ते तांब्याच्या घागरीत ओतलं, तोंडावर पितळी झाकणी ठेवली. पदर डोक्यावरून पुढं घेतला, दोन्ही हातांना फडकी धरली आणि घागर उचलून चौकात आली.

बैठकीच्या मागच्या दारात ईश्वरअप्पा बसले होते. अंगाभोवती घोंगडी, पाठ चौकटीला टेकलेली, पाय उंबऱ्यावर आडवे पसरलेले. रात्री झोपले होते की नाही कुणास ठाऊक.

"ठेव तिथं," ते म्हणाले. "मी नेतो."

भागम्मा थांबली, पण घागर खाली ठेवली नाही.

"मला बोलायचंय साहेबांशी."

ईश्वरअप्पांनी घोंगडी गळ्याशी ओढून घेतली. आतल्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून ते पुढं वाकले.

"आपलं घर जाईल, भागू."

"व्हय," ती म्हणाली.

एवढंच. ती रागावली असती, रडली असती, तर त्यांना काही तरी बोलता आलं असतं. ते तिच्या कपाळावरच्या ताज्या विभूतीकडं बघत राहिले. आतून व्यंकटरावांनी विचारलं, "अप्पा, पाणी तापलं का?"

ईश्वरअप्पांनी हळूहळू उंबऱ्यावरचे पाय आवरून घेतले.

झाकणीच्या कडेनं वाफ निघत होती. पाणी निवायच्या आत पोचायला हवं होतं. भागम्मानं घागर सावरली आणि उंबऱ्यापलीकडं पाऊल टाकलं.